चिपीचा चोथा आणि दादाची बरणी

आमच्या शेडमध्ये पावडर कुठंही सापडते. पंख्याच्या पात्यावर, विष्णूकाकांच्या मिशीत, भिंतीवरच्या गणपतीच्या फोटोमागं. रोज झाडली तरी दुसऱ्या दिवशी तेवढीच. किस्सेही तसेच साचतात. कोणी मुद्दाम गोळा करत नाही, काम करता करता उडतात आणि कुठंतरी जाऊन बसतात. परवा सुजाताताई म्हणाली, "बारक्या, एका जागी बस आणि हे सगळं एकदा सांगून टाक. नाहीतर दिवसभर नुसत्या येरझाऱ्या घालतोस." बसणं मला जमत नाही. दादा गेल्यापासून तर नाहीच. पण सांगतो. मध्येच उठलो तर राग मानू नका.

आधी आम्ही करतो काय, ते. कोकणात खाडीच्या चिखलात कांदळवन असतं, त्यात चिपी नावाचं झाड. त्याला हिरवं गोल फळ येतं, डोक्यावर चांदणीसारखी टोपी. आंबट म्हणजे दात शिवशिवतात. लहानपणी आम्ही मीठ लावून खायचो. झाडाला कुणी हात लावायचा नाही, असा कायदाच आहे. पण परवानगी काढून पडलेली फळं उचलता येतात. माझ्या मोठ्या भावाच्या, म्हणजे दादाच्या, डोक्यात आलं की या फळात फायबर भरपूर आहे. रस पिळून टाकायचा, उरलेला चोथा धुवायचा, वाळवायचा, दळायचा आणि बिस्किटवाल्या कंपनीला द्यायचा. पिंपरी-चिंचवडमधला अर्धा गाव लोखंड कापतो. दादानं चाकणला शेड घेतली आणि फळं कापायला बसला.

पहिलं सॅम्पल कंपनीला देऊन तो घरी आला तो पेढे घेऊनच. "काय झालं?" विचारलं तर म्हणाला, "झालंच समजा." हा त्याचा ठरलेला शब्द. लाईट आली का? झालंच समजा. परवानगी मिळाली का? झालंच समजा.

मग पावसाळ्यात त्याला ताप आला आणि तो गेला. इतकंच. यात किस्सा नाही.

मागं राहिली शेड, दोन माणसं, मी आणि एक काचेची बरणी. बरणीत दादाच्या हातची पावडर, झाकणावर त्यानंच लावलेली चिकटपट्टी. कंपनीनं निरोप पाठवला की तुम्ही चालवणार असाल तर नवीन सॅम्पल द्या, बसलं तर माल घेऊ. शेडच्या मालकानं सांगितलं, कंपनी लागली तर राहा, नाहीतर त्याचा भाचा तिथं रबराचे वायसर काढणार आहे. म्हणजे आमच्यासमोर एकच काम होतं. दादासारखी पावडर काढायची. आणि दादानं कधी कुणाला शिकवलं नव्हतं.

* * *

फळं आणायला पहिल्यांदा एकटा गेलो तेव्हाची गोष्ट. मामानं पोती भरून ठेवली होती. मी ती एसटीच्या डिकीत टाकली आणि पुण्याकडं निघालो. दुपारचं ऊन. डिकीत फळं पिकली, काही फुटली. पिकलेल्या चिपीला एक वास असतो. खाडीचा चिखल आणि आंबलेलं ताक एकत्र केलं तर जवळपास जाईल.

कराडच्या पुढं लोकांनी नाकाला रुमाल लावले. माझ्या मागच्या सीटवर एक मावशी होत्या. त्या मोठ्यानं म्हणाल्या, "डिकीत कोण मेलंय काय?"

मी आठवी नापास माणूस. तोंडात येतं ते बाहेर पडतं. मी वळून म्हणालो, "माझा भाऊ मेलाय."

मावशींनी रुमाल खाली घेतला. कंडक्टर हळूहळू माझ्याजवळ आला, वाकला आणि कानात विचारलं, "भाऊ... डिकीत नाही ना?"

मला हसू आलं. दादा गेल्यावर पहिल्यांदाच. आणि आलं ते थांबेना. मावशी मला पाणी देतायत आणि मी हसतोय. ते बघून कंडक्टरनं गाडी बाजूला घ्यायला लावली आणि एकेक पोतं सोडून बघितलं.

* * *

विष्णूकाका मूळचे बीडकडचे. मोटारीच्या कंपनीत पेंटशॉपला आयुष्य काढलं. गाडीला रंग मारला की ती भट्टीतून जाते, ती भट्टी काका सांभाळायचे. दादानं त्यांना ड्रायरवर घेतलं, म्हणाला, "काका, उष्णता ती उष्णता."

दादा असताना ड्रायरचं बटण तो स्वतः फिरवायचा. तो गेल्यावर काकांनी फिरवलं. आपल्या अंदाजानं.

ट्रे बाहेर काढले तर चोथ्याचा रंग कॉफीसारखा. मी वाकून वास घेतला. जळकट.

"काका, हे काय केलं?"

"पक्कं बसलंय लेकरा," काका ट्रेवर नख मारत म्हणाले. "आता धा वर्सं गंज न्हाई धरायचा."

सुजाताताई चाळणी हातात घेऊन उभी होती. म्हणाली, "काका, ते बिस्किटात घालायचंय. बंपरला लावायचं नाही."

मी ट्रे उचलून शेडच्या बाहेर भिरकावला. तो शेजारच्या पत्र्यावर जाऊन वाजला. काका बाहेर गेले, ट्रे घेऊन आले, पुसून रॅकवर लावला. मग दादाची बरणी खिडकीत उजेडाला धरली आणि कितीतरी वेळ बघत राहिले. पेंटशॉपला रंगाचा शेड मॅच करतात तसं. एक डोळा मिटून.

"बघ," ते म्हणाले. "साईसारखा कलर हाय. ह्याच्यात पिवळा थोडा, बाकी सगळा पांढरा. मी आणतो हा शेड. तू फक्त ट्रे फेकू नकोस."

आणि आणला. मंद आचेवर, ड्रायरला खुर्ची लावून बसले आणि बरोबर तोच रंग आणला. बरणीशेजारी आमची बरणी ठेवली तर कोणती कुणाची ते सांगता येईना.

"उघडून चव पण बघू की," काका म्हणाले.

"बरणीला हात लावायचा नाही," मी म्हणालो. "चिकटपट्टी दादानं लावलीय."

* * *

आमच्या शेजारी सस्पेन्शनचे पार्ट बनवणारा कारखाना आहे. तिथली पोरं जेवणाच्या सुट्टीत आमच्या दारात उभी राहायची. हिरवी फळं आत जातात आणि पांढरी पावडर बाहेर येते, यात काहीतरी भानगड आहे असं त्यांना वाटायचं.

एकानं काकांना विचारलं, "चाचा, ये है क्या?"

काकांना फायबर समजावून सांगायचं होतं. त्यांनी हिंदीत सुरुवात केली, अडकले आणि शेवटी पोटावरून हात वरून खाली फिरवून म्हणाले, "सब साफ."

झालं. दुसऱ्या दिवशी दारात रांग. सगळे शिफ्टमध्ये बसून, वडापाव खाऊन वैतागलेले. काका दिलदार. जळकी पावडर टाकून द्यायची तर होतीच, त्यांनी ती मूठ मूठ वाटली. चोथा आहे तो, थोडाच घ्यावा लागतो. पण सांगणार कोण? पोरांनी मुठीच्या मुठी तोंडात टाकल्या, वर तांब्याभर पाणी.

संध्याकाळी शेजारचा सुपरवायझर आला. तो कधी येत नाही. दारातच उभा राहून शांतपणे म्हणाला, "राव, माझ्या लाईनवर सहा ऑपरेटर असतात. आता दोन आहेत. बाकीचे कुठं आहेत ते तुम्हाला माहितीये."

सुजाताताईनं खाली मान घालून विचारलं, "संडास किती आहेत तुमच्याकडं?"

"एक."

काका मान डोलावत म्हणाले, "म्हंजी माल लागू हाय."

* * *

आता धुण्याचं सांगतो. रस पिळला तरी चोथ्यात आंबटपणा आणि खार राहतो. खाडीचं फळ ते. गरम पाण्यात धुवायचं, फडक्यातून पिळायचं, पाणी टाकायचं, पुन्हा धुवायचं. दादा शेवटचं पाणी ओंजळीत घेऊन चाखायचा आणि म्हणायचा, "बास. उतरलं."

सुजाताताई कासारवाडीची. तिचे वडील कंपनीत होते, ती बारावी झालीय. चाळणं, तोलणं, भरणं सगळं तिच्याकडं. तिला मी विचारलं, "दादा किती पाण्यात धुवायचा?"

"तीन."

आम्ही तीन पाण्यात धुतलं. चाखलं. तोंड आत ओढलं गेलं. चौथं पाणी. आंबट. पाचवं. थोडं आंबट. मी टब लाथेनं ढकलला.

"दादाच्या हाताला गुण होता," काका म्हणाले.

"कानाला फोन असायचा आणि एकाच हातानं धुवायचा," सुजाताताई म्हणाली. "तरी तिसऱ्या पाण्यात बास म्हणायचा. आपण दोन्ही हातांनी धुतोय आणि उतरत नाही."

मग मला काही सुचेना. पाणी बदलून बघितलं. टाकीचं, टँकरचं, एकदा तर गाडीवर कॅन बांधून देहूला गेलो आणि इंद्रायणीच्या काठी जाऊन उभा राहिलो. नदीचा रंग बघितला आणि कॅन रिकामाच परत आणला. पाणी जास्त गरम केलं, कमी गरम केलं. दादा उभा राहायचा तिथं उभा राहिलो. त्याची चप्पल घातली. हे कुणाला सांगितलं नव्हतं, पण ताईनं बघितलं.

ती म्हणाली, "फोनपण लाव कानाला."

लावला. कुणाला करणार? दादाचाच नंबर लावला. स्विच ऑफ. चोथा आंबटच.

शेवटी आम्ही ठरवलं, उतरेपर्यंत धुवायचं. किती पाणी झाली ते मोजायचंच नाही. माझ्या बोटांची सालं निघाली. ज्या दिवशी शेवटचं पाणी खरंच पाण्यासारखं लागलं, त्या दिवशी ती दोघं खूश आणि मी चिडलेला. दादाला तीन पाण्यात जमतं आणि मला दिवसभर लागतो. माल तयार झाला, पण हा त्याचा नव्हता. नक्कल होती, तीही घाम गाळून.

* * *

मधेच आई आली. दादा गेल्यावर ती गावी मामाकडं होती. एक दिवस कपड्यांची पिशवी घेऊन कासारवाडी स्टेशनवर उतरली आणि मला फोन केला, "खय आसस? मी इलंय." तिला शेड दाखवायला नेलं.

तिनं सगळं फिरून बघितलं. कापायचं टेबल, पिळायचं यंत्र, ड्रायर. मग विचारलं, "रस खय जाता?"

"कोकमासारखं सरबत करतो थोडं. बाकी टाकतो."

"आणि चोथो इकतास?"

"हो."

तिनं सुजाताताईकडं बघितलं. "माझे दोनय झिल पुण्याक येवन शाणे झाले."

सुजाताताईला तेव्हापासून आई फार आवडते.

आई रोज यायला लागली. फळांच्या टोप्या काढायला बसायची आणि सगळ्यांना भाकरी करून घालायची. शेडच्या मागं एक गॅस आहे. एकदा पीठ कमी पडलं. मी आत आलो तर तिच्या हातात दादाची बरणी आणि ती चिकटपट्टीचं टोक नखानं शोधतेय.

मी धावलो आणि बरणी ओढून घेतली. जोरातच ओढली. आईच्या बांगड्या वाजल्या.

"हे दादाचं आहे," मी म्हणालो. "एवढंच आहे."

काका ड्रायरकडं बघत राहिले. ताई चाळणीकडं. आईनं हात पदराला पुसले. म्हणाली, "माका ठावक हा कोणाचा ता."

त्यानंतर तिनं बरणी उघडायचं नाव काढलं नाही. फक्त रोज सकाळी आली की पदरानं पुसायची. पावडर बसते ना सगळीकडं.

* * *

आता शेवटचा. हा मी अजून कुणाला नीट सांगितलेला नाही. सुजाताताई सोबत होती म्हणून तिला माहीत आहे.

कंपनीला सॅम्पल द्यायचा दिवस. ही शेवटचीच संधी होती. आधी एकदा घाईत काकांची कॉफीच दळून दिली होती, ती रंगावरून परत आली होती. शेडचा मालक सकाळी भाच्यासोबत येऊन जागेचं माप घेऊन गेला होता. टेप लावून, आमच्या पायांमधून. मी पिशवीत आमची बरणी ठेवली. मग दारापर्यंत गेलो, परत आलो, दादाची बरणी उचलली आणि तीही पिशवीत टाकली.

गाडीवर मागं बसलेल्या ताईला पिशवीतल्या बरण्या टोचल्या. "दोन कशाला?"

"दादाची देणार. आमची म्हणून."

"ही चोरी आहे."

"घरातलीच आहे."

"आणि पास झाल्यावर? तसला माल कुठून आणशील?"

"ते नंतर बघू. आधी शेड राहू दे. दादाचं पास झालंय एकदा, पुन्हा होणारच."

कंपनीच्या क्वालिटीच्या मॅडम चष्मा डोक्यावर लावून बसल्या होत्या. मी दादाची बरणी पुढं केली. त्यांनी चिकटपट्टी फाडली. त्या आवाजानं मी उठून उभा राहिलो. ताईनं माझा शर्ट धरून खाली बसवलं.

मॅडमनी रंग बघितला. छान म्हणाल्या. बोटांत चोळली. छान म्हणाल्या. मग चमच्यात पाणी टाकून कालवली, जिभेला लावली आणि तोंड आंबट केलं.

"नाही हो," त्या म्हणाल्या. "हे पहिल्यासारखंच झालं."

"पहिल्यासारखं म्हणजे पासच ना?"

"पास कुठं होतं? तुमच्या भावाला मी तेव्हाच सांगितलं होतं, कल्पना छान आहे, पण आंबटपणा राहिलाय. अजून धुवा. ते म्हणाले, हो मॅडम, झालंच समजा."

मी म्हणालो, "नीट चाखा."

"चाखलं."

"अजून एकदा चाखा. घाईत कळत नाही. हे ज्यानं केलंय त्याच्या हाताला गुण होता. तुमच्या तोंडाचीच चव गेली असेल. चहा प्यायलात का आत्ता?"

मॅडमनी डोक्यावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला. ताईनं माझ्या पायावर पाय दिला आणि पिशवीतून दुसरी बरणी काढून टेबलावर ठेवली.

"आमचा भाऊ जरा गोंधळलाय," ती म्हणाली. "सॅम्पल हे आहे."

मॅडमनी ती चाखली. पुन्हा चाखली. आत जाऊन कुणाला तरी चाखायला दिली. बाहेर येऊन म्हणाल्या, "हेच पाहिजे. असाच माल देऊ शकाल ना दरवेळी?"

ताई म्हणाली, "देऊ. फक्त पाणी फार लागतं."

मॅडमनी आमच्या बरणीवर हिरवा स्टिकर लावला. आणि दादाच्या बरणीवर, पद्धत म्हणून, लाल.

परत येताना मी गाडी फार जोरात चालवली. ताई एकदाच म्हणाली, "बारक्या, मला दोन मुली आहेत." मग हळू केली.

शेडमध्ये काका दारातच होते. ताईनं त्यांना सांगितलं. काकांनी टोपी काढली, पुन्हा घातली, मला मिठी मारली आणि शेजारच्या कारखान्यात सांगायला गेले. मी दादाची बरणी आईसमोर ठेवली. लाल स्टिकर तिच्याकडं होता. तिला इंग्रजी येत नाही, पण लाल कळतं.

"कोणाचा ह्या?" तिनं विचारलं. झाकणावर चिकटपट्टी राहिली नव्हती.

"दादाचं."

तिनं बोट ओलं केलं, बरणीत घातलं आणि जिभेला लावलं. तिनं तोंड वेडंवाकडं केलं नाही. सावकाश चव घेतली, गिळली.

"आंबाट आसा," ती म्हणाली. "तेका कदी नीट धुवूक येवकच नाय. आंगोळ सुदा दोन तांब्यांत."

सुजाताताई हसली आणि हसताना तिनं तोंडावर ओढणी घेतली ती काढलीच नाही.

आईनं टबावर फडकं पसरलं. बरणी उलटी केली, तळाला बोटानं खरवडली, सगळी पावडर फडक्यात घेतली. पदर खोचून खाली बसली.

"बारक्या, ऊन पाणी हाड."

मी आणलं. ती चोथ्यावर ओतत गेली आणि तळव्यानं हळूहळू चोळत गेली. पावडर फुगून मऊ झाली. पहिलं पाणी गेलं. दुसरं, तिसरं. मी आणत होतो. तिनं फडक्याची चारी टोकं धरून पिळलं, खाली आलेलं पाणी माझ्या ओंजळीत धरलं आणि म्हणाली, "बग. उतारला काय?"

मी चाखलं. पाणी पाण्यासारखंच लागत होतं.

"नाही," मी म्हणालो. "अजून एकदा."